माल आपला, फोटो दुसऱ्याचा? पाचशे रुपयांच्या लाइटबॉक्समागचे गणित

वसईहून रो-रो बोटीने खाडी ओलांडली की समोर भाईंदर. स्टेशन ओलांडून पूर्वेला गेले की औद्योगिक गाळे लागतात. तिथे स्टीलची भांडी बनतात. पत्र्याची गोल चकती प्रेसखाली जाते, आकार घेते, पॉलिशला जाते आणि आरशासारखी चकचकीत होऊन बाहेर पडते. पूर्वी अशी भांडी टेम्पोतून घाऊक बाजारात आणि तिथून आपल्या तालुक्याच्या दुकानात यायची. आता ती मोबाइलमधूनही येतात. दुकानात आपण पातेले हातात घेतो, बोटाने वाजवतो, जाडी बघतो. मोबाइलवर यातले काहीच करता येत नाही. तिथे समोर असतो फक्त एक फोटो.

आता हाच प्रश्न आपल्या बाजूने बघा. वाड्याचा कोलम, डहाणू-घोलवडच्या चिकूचे चिप्स, विक्रमगडकडच्या बांबूच्या वस्तू, वारली चित्रे, उत्तनचे सुके बोंबील. माल चांगला आहे. त्याला नावही आहे. वारली चित्रकला, घोलवडचा चिकू आणि वाडा कोलम या तिन्हींना भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग मिळालेला आहे. पण आपण त्याचा फोटो कसा काढतो? ट्यूबलाइटखाली, प्लास्टिकच्या चटईवर, मागे चपला आणि गॅसचा सिलिंडर दिसेल असा. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि कुणी विचारले नाही की म्हणतो, "ऑनलाइनमध्ये काही राम नाही."

तोच माल एखादा व्यापारी घाऊक भावाने उचलतो, पांढऱ्या कागदावर ठेवून नीट फोटो काढतो आणि अ‍ॅपवर चढ्या भावाने विकतो. पॅकिंग, कुरिअर, जाहिरात यांचा खर्च तो करतो, हे खरेच. पण त्याच्या कामाची सुरुवात ज्या गोष्टीने होते, ती एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मावते. तिला लाइटबॉक्स म्हणतात. ती घरी बनवता येते आणि खर्च पाचशे रुपयांच्या आत बसतो.

दार उघडले, पण उंबरठा फोटोचा

गेल्या काही वर्षांत छोट्या विक्रेत्यासाठी कागदोपत्री बरेच सोपे झाले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही ई-कॉमर्सवर माल विकता येतो. अट अशी की उलाढाल जीएसटीच्या मर्यादेत हवी. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. विक्री फक्त राज्याच्या आत करता येते आणि पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचे असेल तर मात्र नोंदणी लागते. बचत गटांसाठी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर 'सरस कलेक्शन' २०२० मध्ये सुरू झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलची भांडी, हस्तकलेच्या आणि बांबूच्या बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला.

म्हणजे दार उघडले आहे. पण आत जाताना अडवतो फोटो. उदाहरणच घ्यायचे तर अ‍ॅमेझॉनचा नियम बघा. मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, वस्तूने फोटोचा ८५ टक्के भाग व्यापलेला हवा आणि फोटोवर नाव, फोन नंबर, 'ऑफर' असले काही लिहिलेले नको. ग्राहकाला बोटांनी मोठे करून बघता यावे, म्हणून फोटोची लांब बाजू किमान १००० पिक्सेल लागते. बाकीच्या अ‍ॅपचे नियम थोडेफार वेगळे आहेत, पण साफ पार्श्वभूमीचा आग्रह बहुतेक ठिकाणी दिसतो.

हे नियम कुणाला अडवण्यासाठी केलेले नाहीत. एका पडद्यावर पन्नास डबे दिसत असतील तर सगळ्यांच्या मागे सारखा पांढरा रंग असला की तुलना करता येते. पण शहरातल्या विक्रेत्याकडे स्टुडिओ असतो आणि आपल्याकडे ओसरी असते. हा फरक खोका भरून काढतो.

भाईंदरचे भांडे शिकवते तो धडा

फोटोग्राफरला विचारा, सगळ्यात अवघड वस्तू कोणती? बरेच जण सांगतील, चकचकीत स्टील. कारण स्टीलचे भांडे म्हणजे आरसा. त्याचा फोटो काढला की त्यात बल्ब दिसतो, खिडकी दिसते, छताचा पंखा दिसतो आणि हातात मोबाइल धरून उभे असलेले आपणही दिसतो. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा डाग पडतो आणि बाजू काळ्याकुट्ट होतात.

म्हणजे भांड्याचा फोटो नीट यायचा असेल तर भांड्यावर उजेड मारून भागत नाही. भांड्याला जे जे दिसते, ते सगळे पांढरे करावे लागते. चारही बाजूंनी पांढरा कागद किंवा कापड, त्याच्या बाहेरून उजेड, समोरही पांढरे कापड आणि त्यात फक्त मोबाइलच्या कॅमेऱ्यापुरते भोक. मग भांड्यात पांढरेच दिसते आणि ते स्वच्छ, मऊ चकाकते.

पण यात एक गंमत होते. सगळे पांढरे केले की पांढऱ्या कागदावर भांड्याची कडाच हरवते. त्यावर उपाय असा की काळ्या कार्डाच्या दोन पट्ट्या कापायच्या आणि भांड्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, फोटोत येणार नाहीत अशा उभ्या करायच्या. त्यांची काळी रेघ भांड्याच्या कडेवर उमटते आणि आकार उठून दिसतो. हीच युक्ती तांब्याचा लोटा, काचेची बरणी, तेलाची बाटली आणि नकली दागिन्यांनाही लागू पडते. एवढे जमले की बाकी सगळा माल सोपा वाटतो.

खोका असा करा

किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आणा. वस्तूच्या दीडपट ते दुप्पट मोठा हवा. बरण्या, पाकिटे, डबे यांच्यासाठी दीड फुटाचा पुरतो. खोका आडवा ठेवा, म्हणजे उघडे तोंड तुमच्याकडे येईल. डावी, उजवी आणि वरची बाजू कटरने खिडकीसारखी कापा. कडेला दोन-दोन इंच पुठ्ठा राहू द्या, नाहीतर खोका लुळा पडतो.

तिन्ही खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर, बटर पेपर किंवा पांढरे मलमल चिकटपट्टीने ताणून लावा. कपडा घेतलात तर तो पांढराच हवा. पिवळट धोतराचे कापड लावले तर मालही पिवळट दिसतो.

आता पांढरा चार्ट पेपर घ्या. त्याचे एक टोक खोक्याच्या मागच्या भिंतीला वर चिकटवा आणि कागद खाली जमिनीवर पुढपर्यंत येऊ द्या. महत्त्वाचे म्हणजे त्याला घडी घालू नका, झोपाळ्यासारखा बाक राहू द्या. मग मागे भिंत आणि जमीन यांच्यामधली रेघ दिसत नाही आणि वस्तू मोकळ्या पांढऱ्यावर उभी असल्यासारखी वाटते.

शेवटी उजेड. ९ ते १२ वॉटचे दोन एलईडी बल्ब डाव्या-उजव्या खिडकीबाहेर आणि जमल्यास एक वर. कागदापासून वीतभर लांब. बल्बच्या खोक्यावर ६५००के असे लिहिलेले असते, म्हणजे पांढरा उजेड. ३०००के म्हणजे पिवळा. सगळे बल्ब एकाच आकड्याचे घ्या. जुना तारेचा बल्ब किंवा हॅलोजन इथे लावू नका. तो तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. काम झाले की बल्ब बंद करा, खोका तसाच चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

खर्च मोजा. खोका फुकट. कागद, चिकटपट्टी, बल्ब, होल्डर, वायर मिळून साधारण तीनशे ते पाचशे. घरातले बल्ब वापरले तर शंभरातही होते.

आणि लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न आधी येतो. उत्तर सोपे आहे: बल्ब नसले तरी चालते. खोका पडवीत किंवा ओसरीवर सावलीत ठेवा, एक खिडकी मोकळ्या आभाळाकडे करा. सकाळी नऊ ते अकराचा उजेड चांगला. थेट ऊन खोक्यावर पडू देऊ नका, नाहीतर सावली कडक होते. ज्या बाजूला अंधार वाटेल तिकडे एक पांढरा पुठ्ठा उभा करा, तो उजेड परत फेकतो.

मात्र एक चूक टाळा. अर्धा उजेड आभाळाचा आणि अर्धा घरातल्या बल्बचा, असे मिसळू नका. वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते आणि नंतर ते सुधारता येत नाही. आभाळ तर आभाळ, बल्ब तर बल्ब.

चूक खोक्याची नसते, मोबाइलच्या अंदाजाची असते

खोका झाला, बल्ब लागले, फोटो काढला आणि पांढरा कागद राखाडी आला! इथे अनेक जण वैतागतात आणि आणखी बल्ब आणतात. त्याची गरज नाही. मोबाइल प्रत्येक दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. समोर सगळे पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. वस्तूवर बोट दाबून धरा. फोकस लॉक होतो आणि बाजूला सूर्याचे चिन्ह येते. ते थोडे वर सरकवा. कागद पांढरा होईल. वस्तूचा रंग फिका पडायला लागला की थांबा.

लेन्स आधी रुमालाने पुसा. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका. जवळून डब्याचे तोंड मोठे आणि बूड लहान दिसते. दोन-तीन फूट मागे सरका आणि गरज असेल तेवढेच मोठे करा. मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हात हलत नाही. फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या आल्या तर दोष स्वस्त बल्बचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाइलमध्ये 'प्रो' मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातात.

आणि फोटो व्यापाऱ्याला किंवा गटाच्या ताईला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. तो लहान होऊन जातो आणि मोठा करून बघितला की फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

प्रत्येक मालाची खोड वेगळी

उत्तनचे बोंबील घ्या. उत्तन मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे, पण किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील अजूनही वाळतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून आपल्या घरोघरी सुकी मासळी भरली जाते. पिवळ्या बल्बखाली ताजा सुका बोंबीलही जुना आणि पिवळा दिसतो. फोटो बघूनच गिऱ्हाईक पुढे जाते. पांढऱ्या उजेडात त्याचा खरा रंग येतो आणि तोच त्याचा भाव ठरवतो.

हळद, मसाले यांची खोड उलट. सगळा फोटो पिवळ्याने किंवा लालने भरला की मोबाइल तो रंग 'दुरुस्त' करायला जातो आणि हळद मळकी दिसते. वाटीभोवती पांढरा कागद दिसू द्या, म्हणजे मोबाइलला खरे पांढरे कोणते ते कळते.

वाडा कोलम पांढऱ्यावर पांढरा. तो पितळी वाटीत ठेवा, दाणा जवळून वेगळ्या फोटोत दाखवा. बांबूच्या वस्तूंना एका बाजूचा उजेड थोडा कमी करा, म्हणजे विणीची सावली पडते आणि हाताचे काम दिसते. वारली चित्र मात्र खोक्यात उभे कोंबू नका. ते सपाट ठेवून, मोबाइल बरोबर समांतर धरून, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड द्या.

आणि सगळेच फोटो पांढऱ्यावर नकोत. पहिला फोटो पांढरा, कारण तो नियमासाठी. दुसरा हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. तिसरा वलांडीचा, शेताचा, विणणाऱ्या हातांचा. व्यापाऱ्याकडे पहिला फोटो आपल्यापेक्षा चांगला असू शकतो, पण वलांडी, शेत आणि हात आपल्याच दाराशी आहेत. चौथा फोटो लेबलचा: नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक. नाव, वजन, किंमत ही माहिती ऑनलाइन दाखवणे कायद्यानेही बंधनकारक आहे.

खोटा फोटो महागात पडतो

इथेच खरा मुद्दा येतो. आता मोबाइलमध्ये अशी अ‍ॅप आली आहेत जी एका बोटाने पार्श्वभूमी काढतात, रंग भडक करतात, एआयने फाटकी टोपली नवी करून दाखवतात. मग खोका कशाला? कारण फोटोतला माल आणि पार्सलमधला माल वेगळा निघाला तर तो परत येतो.

हिशेब मांडून बघा. समजा एका वस्तूमागे ४० रुपये सुटतात आणि दहा वस्तू विकल्या, तर ४०० रुपये. त्यातल्या दोन परत आल्या आणि प्रत्येक परतीला कुरिअर-पॅकिंगचे ८० रुपये गेले, तर आठ वस्तूंचे ३२० सुटले, त्यातून १६० गेले. हातात उरले १६०. दहापैकी फक्त दोन परत आल्या आणि निम्म्याहून जास्त कमाई बुडाली! परतीचा खर्च कुणावर पडतो हे त्या त्या अ‍ॅपच्या करारात असते. सही करण्याआधी ते वाचा.

कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणांसारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. म्हणजे खोक्याचा उपयोग माल आहे त्याहून सुंदर दाखवण्यासाठी करायचा नाही. माल आहे तसा दाखवण्यासाठी करायचा. टोपलीला एक काडी वेडीवाकडी असेल तर ती दिसू द्या. हाताचे काम आहे, असे लिहा. ज्याला ते हवे आहे तोच घेईल आणि परत पाठवणार नाही.

एक घर, एक खोका नको. एक गाव, एक खोका

मग करायचे काय? प्रत्येक बाईने आपापला खोका करावा, असे सांगणे सोपे आहे. पण ज्या ताई दिवसभर पापड लाटतात त्यांनीच रात्री फोटो काढावा, अ‍ॅपवर चढवावा, तक्रारींना उत्तर द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ग्रामीण भागात उमेद अभियानाची रचना तयार आहे: गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ. शहरात, म्हणजे मिरा-भाईंदरसारख्या ठिकाणी, महापालिकेच्या माध्यमातून बचत गट चालतात. प्रत्येक ग्रामसंघाने एक खोका करावा, कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवावा आणि मोबाइलमध्ये हात बसलेल्या एका-दोन मुलींना हे काम द्यावे. फोटोमागे ठरावीक रक्कम द्या, फुकट राबवू नका. आठवड्यातून एक दिवस 'फोटोवार' ठरवा. गटांनी माल घेऊन यावे, फोटो न्यावेत आणि मूळ फोटोंची एक प्रत ग्रामसंघाकडे राहावी.

पैशांचा प्रश्न मोठा नाही. खाद्यपदार्थांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे पीएमएफएमईमध्ये, गटांच्या ब्रँडिंग आणि विपणनासाठी ५० टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद होती. आज त्यात काय मिळते, ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पण पाचशे रुपयांसाठी योजनेची वाट बघू नका. गटाच्या मासिक बैठकीत ठराव करा आणि पुढच्या आठवड्यात खोका कापा.

आणि एक प्रश्न तालुक्याच्या अधिकाऱ्यांना. मेळावे होतात, मुंबईत महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लागतात, चार दिवस चांगली विक्री होते. पण स्टॉल उठला की तो ग्राहक परत कसा शोधणार? तुमच्या गटाच्या शेवटच्या प्रशिक्षणात यंत्र, चव आणि पॅकिंग किती तास शिकवले आणि फोटो किती मिनिटे, हे आठवून बघा. पुढच्या प्रशिक्षणात फोटोसाठी अर्धा दिवस मागा.

खोक्याने गाव श्रीमंत होणार नाही. भाव, दर्जा, वेळेवर पोचवणे हे सगळे लागतेच. पण ज्याच्या हातात फोटो, त्याच्या हातात गिऱ्हाईक, अशी आता बाजाराची चाल आहे. माल आपण पिकवतो, वाळवतो, विणतो. मग फोटो दुसऱ्याने का काढावा?